कांदा होतो, प्रकरण होत नाही

ताई,

पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. पहिली दोन प्रकरणं झाली. तिसरं गाइड मॅडमनी वाचून परत पाठवलं, त्याला सात आठवडे झाले. फाइलवर त्यांच्या ४७ कमेंट्स आहेत. रोज सकाळी लॅपटॉप उघडते, पहिली कमेंट वाचते, 'हा दावा कशाच्या आधारावर?', आणि उठून स्वयंपाकघरात जाते. फार काही साग्रसंगीत करत नाही. मऊ भात, बटाट्याचं सूप, उकडलेली अंडी. कांदा मंद आचेवर परतत उभी राहिले की मन सगळ्यात शांत असतं. घर वासानं भरून जातं. मग उभ्या उभ्याच खाते, कारण बसून खाण्याएवढं आपण काय केलंय, असं वाटतं. संध्याकाळी भांडी घासताना रडू येतं.

तीन वेळापत्रकं केली, एकही तीन दिवसांपलीकडे टिकलं नाही. गेल्या दोन आठवड्यांत रोज काय शिजवलं आणि त्यात किती वेळ घालवला, याची यादी सोबत जोडली आहे, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. मी आळशी आहे का? स्वयंपाक बंदच करून टाकू का? आणि मॅडमना काय तोंड दाखवू?

तुमची, चौथ्या वर्षातली


प्रिय चौथ्या वर्षातली,

तुझी यादी मी दोनदा वाचली. तू ती स्वतःविरुद्धचा पुरावा म्हणून जोडली आहेस, पण मला तिच्यात वेगळंच काही दिसलं. ९ तारखेला अंडी उकडलीस, वीस मिनिटं. ११ तारखेला साधा भात, अर्धा तास. १२ तारखेला मॅडमचा एका ओळीचा मेल आला, 'कुठवर आलंय?', आणि त्या दिवशी सूपला तीन तास लागले. १७ तारखेला तुझ्याबरोबरच्या मुलीनं प्रबंध सादर केल्याचं कळलं. त्या दिवशी तू पाच भाज्या बारीक, एकसारख्या चिरल्यास. ज्या दिवशी धसका मोठा, त्या दिवशी पातेलं मोठं.

आळशी माणूस पाच भाज्या एकसारख्या चिरत बसत नाही. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे आणि त्यावर आणखी शब्द खर्च करावेत असं मला वाटत नाही.

तू कामापासून पळत नाहीस, त्या पहिल्या कमेंटनं पोटात जो गोळा येतो त्याच्यापासून पळतेस. हा फरक नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. २००१ साली डायॅन टाइस, एलेन ब्रातस्लाव्हस्की आणि रॉय बाउमाइस्टर यांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. मन खट्टू झालं की माणसं खाऊकडे जास्त वळतात आणि समोरचं काम जास्त टाळतात, हे त्यात दिसलं. हे आपल्याला घरबसल्याही सांगता आलं असतं. पण त्यातल्या काही जणांना आधीच पटवून दिलं होतं की पुढचा काही वेळ तुमचा मूड काही केल्या बदलणार नाही, आहे तसाच राहील. या लोकांनी ना जास्त खाल्लं, ना काम टाळलं. बरं वाटण्याची आशाच नसेल तर टाळून करायचं काय? पुढे २०१३ मध्ये फ्युशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल यांनी हेच सूत्र मांडलं की चालढकल ही मुळात मनाला तेवढ्यापुरतं सावरण्याची धडपड असते आणि तिची किंमत पुढच्या आठवड्यातल्या 'मी'ला मोजावी लागते.

आता तुझी तीन वेळापत्रकं का टिकली नाहीत ते बघ. वेळापत्रकानं वेळेची व्यवस्था लागते, पोटातल्या गोळ्याची नाही. नऊ ते अकरा लेखन असं लिहून ठेवलं तरी नऊ वाजता समोर तीच कमेंट असते.

मग स्वयंपाकघरात असं काय मिळतं जे त्या फाइलमध्ये मिळत नाही? तू कांद्याचं लिहिलंस म्हणून कांद्यापाशीच थांबू. कांद्यात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं. मंद आचेवर टाकला की पहिली दहा-पंधरा मिनिटं तो नुसता घाम गाळतो. भांड्यात पाणी आहे तोवर उष्णता १०० अंशांच्या फारशी वर चढत नाही, आणि तोवर रंगही येत नाही. कांदा मऊ पडतो, पारदर्शक होतो, बसतो, आणि पुढे काही घडतच नाही असं वाटतं. मग पाणी उडतं, आवाज बदलतो, बुळबुळीत फसफस जाऊन कोरडी चुरचुर ऐकू येते, कडा सोनेरी होतात. साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातली ती क्रिया आता जोर धरते, जिचं वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली केलं. गोड, तपकिरी, जॅमसारखा कांदा व्हायला पाऊण तास तरी हवा. पाच मिनिटांत होतो असं पाककृतीत लिहिलेलं असलं तरी होत नाही.

त्या पहिल्या पंधरा मिनिटांत तू काय करतेस? उलथनं फिरवत उभी राहतेस. 'मला कांदा परतता येत नाही, मी या क्षेत्रात यायलाच नको होतं' असं तुझ्या मनातही येत नाही. कारण कांदा लाल होताना तू शेकडो वेळा पाहिला आहेस. प्रकरण पुरं होताना फक्त दोनदा पाहिलंस, आणि तेही कसं झालं हे आता विसरलीस. म्हणून एक काम आज कर, त्याला दहा मिनिटं लागतील. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकरणाचे सगळ्यात जुने ड्राफ्ट उघड. सुधारलेले नकोत, अगदी पहिले. किती कच्चे होते ते डोळ्यांनी बघ. तिसऱ्याचं आत्ता पाणी उडतंय, दुसरं काही नाही.

स्वयंपाकघरात आणखी एक गोष्ट मिळते. सूपमध्ये मीठ कमी पडलं तर चमचा तोंडात घातल्याबरोबर कळतं आणि चिमूटभर घातलं की भागतं. कोणी ते मनाला लावून घेत नाही. मॅडमच्या ४७ कमेंट्स म्हणजे कोणीतरी चाखून सांगितलेलंच आहे: इथे मीठ हवं, हे अजून शिजलं नाही, हे करपलंय. पण ते तुझ्याकडे आलं कसं? तू कितीतरी महिने झाकण लावून एकटीनं शिजवलंस, अख्खं पातेलं त्यांच्यासमोर ठेवलंस, आणि त्यांचं सगळं म्हणणं एकदम, एकाखाली एक तुझ्यावर कोसळलं. चूक तुझ्या हाताची नव्हती. चाखायला दिलं ते फार उशिरा दिलंस.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती उगीच नाही. भात झाला का हे बघायला कोणी सगळं पातेलं उपसत नाही.

मी हे माझ्या अनुभवानं शिकले. माझ्या दुसऱ्या वर्षात मी चार महिने माझ्या गाइडना एक ओळ पाठवली नव्हती. विभागात त्यांचा आवाज आला की मी दुसऱ्या जिन्यानं उतरायचे. घरी बटाटे उकडून, सोलून, कुस्करून, त्यात लोणी घालून बसायचे. त्या ऊन बटाट्याचा तळहाताला लागणारा चटका मला अजून आठवतो, कारण दिवसातली तेवढीच एक गोष्ट खरी वाटायची. शेवटी एका दुपारी, अख्खं प्रकरण होणं शक्यच नाही हे मान्य करून, मी त्यांना फक्त दोन पानं पाठवली. उत्तर संध्याकाळी आलं: 'पहिलं पान काढून टाक. दुसरं चांगलं आहे, तिथूनच सुरू कर.' चार महिने मी ज्या पहिल्या पानावर अडून होते ते नकोच होतं. दोन पानांच्या चवीवरून त्यांना ते कळलं. मला एकटीला आणखी चार महिने कळलं नसतं.

आता त्या ४७ कमेंट्सचं. त्यांची नुसती संख्याच तुला घाबरवतेय, म्हणून आधी ती संख्या फोड. त्या सगळ्या प्रिंट काढ किंवा वहीत उतरवून घे, आणि भाजी निवडतो तशा निवड. त्या क्षणी एकही सोडवायची नाही, फक्त निवडायच्या. शुद्धलेखन, तळटीप, सुटलेला संदर्भ, तक्त्याचा क्रमांक, हा एक ढीग. एखादा लेख परत वाचून दोन ओळी घालायच्या आहेत, हा दुसरा. आणि जिथे खरोखर विचार बदलावा लागेल, तो तिसरा. मी आजवर जे ड्राफ्ट तपासले त्यांवरून सांगते, तिसऱ्या ढिगात मोजकंच राहतं. ४७ मधल्या पाच-सहा असतील. तुझी पहिली कमेंट नेमकी त्यातली आहे, आणि तू रोज सकाळी तिथूनच सुरू करतेस. बटाट्यातला सगळ्यात कडक बटाटा आधी हातात घ्यावा असा नियम कोणी केलाय? पहिल्या ढिगातल्या तीन घे. त्या झाल्या की खोडून टाक, चांगली जाड रेघ मारून.

तुझा दुसरा प्रश्न, स्वयंपाक बंद करू का. नको. अजिबात नको. तू स्वतःला गरम, साधं जेवण करून घालतेस, ही या सात आठवड्यांतली तुझी सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे. जे विद्यार्थी बिस्किटांवर दिवस काढतात त्यांची प्रकरणं लवकर होतात असं मी पाहिलेलं नाही. पण स्वयंपाकाची जागा थोडी हलव.

सूपला मंद आचेवर उकळत राहायला पंचवीस मिनिटं तरी लागतात. त्या वेळात तू आत्ता काय करतेस? झाकण काढून बघतेस, ढवळतेस, परत झाकतेस. त्याला त्याची गरज नसते. १९८०च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचा अभ्यास असाच होत नव्हता. त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर घेतलं आणि ते वाजेपर्यंत फक्त अभ्यास करायचा असं ठरवलं. २५ मिनिटांच्या ज्या पद्धतीला आज जगभर पोमोदोरो म्हणतात, तिचं नाव त्या टोमॅटोवरून आलं. तुझ्याकडे तर खरं सूप आहे. ते गॅसवर ठेव, टायमर लाव, आणि ओट्यापाशीच स्टूल घेऊन त्या निवडलेल्या कागदातली एक कमेंट समोर ठेव. लॅपटॉप खोलीतच राहू दे. पेन पुरे. टायमर वाजला की गॅस बंद कर आणि तूही थांब.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. कांदा परतताना तुझे हात गुंतलेले असतात आणि मन मोकळं असतं. तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग सुरू कर आणि बोल. 'मॅडम विचारतायत की हा दावा कशाच्या आधारावर. तर मला म्हणायचंय ते असं...' इथून जे येईल ते. अडखळ, मागे जा, घरगुती शब्द वापर. लिहायला बसलं की आपल्या मानेवर परीक्षक येऊन बसतो. कांदा ढवळताना तो स्वयंपाकघरात फिरकत नाही. मग ते ऐकून जसंच्या तसं उतरवून काढ. त्यातली दोन वाक्यं जरी कामाची निघाली तरी त्या दावा-आधाराच्या कमेंटला तुझ्याकडे पहिल्यांदाच उत्तर असेल.

आणि रोजचं काम थांबवताना वाक्य अर्धंच सोड. मारिया ओव्हसियांकिना यांनी १९२८ साली प्रयोगातून दाखवलं की काम मध्येच तोडलं गेलं, तर पुढे मोकळा वेळ मिळाल्यावर बहुतेक माणसं कोणी न सांगता तेच काम परत हातात घेतात. पूर्णविरामानंतर उद्याचं पान कोरं दिसतं. अर्धं वाक्य हात ओढतं.

जेव बसून. ताट वाढून घे, खुर्चीत बस, फोन लांब ठेव, आणि गरम असताना जेव. हे मी बजावून सांगतेय. उभ्यानं खाऊन तू स्वतःला शिक्षा करतेस, आणि त्या शिक्षेनं ना जेवण अंगी लागतं ना लेखन होतं. मायकेल वोल, टिमथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या परीक्षेचा अभ्यास टाळल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. स्वतःला धारेवर धरलं की आपण सुधारू, हा तुझाही समज असणार, माझाही होता. घडतं उलटं. अपराधीपणाचं ओझं त्याच फाइलवर जाऊन बसतं, आणि उद्या ती उघडायला आणखी जड जाते.

तू पत्रात एक वाक्य ओझरतं लिहिलंस, रोज संध्याकाळी रडू येतं. ते मी ओझरतं सोडणार नाही. २०१७ मध्ये बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी जवळजवळ दर तिघांत एकाला नैराश्यासारख्या मानसिक आजाराचा धोका दिसला. तू एकटी नाहीस, हे त्यातून कळतंच. पण पुष्कळांना होतं म्हणून ते अंगावर काढायचं असंही नाही. झोप उडालेली असेल किंवा उठवतच नसेल, ज्यात रमायचीस त्यातही मन लागत नसेल, रडणं दोन आठवड्यांहून जास्त रोजचं झालं असेल, तर विद्यापीठात समुपदेशक असतील त्यांच्याकडे जा, नसतील तर डॉक्टरांकडे. याच आठवड्यात जा, प्रकरण झाल्यावर नव्हे. जगणंच नको असं कधी वाटलं तर त्याच क्षणी कोणालातरी उठवून सांग, रात्रीचे किती वाजलेत ते बघू नकोस.

पीएचडी सोडावी का, हे तू विचारलेलं नाहीस. कोणी सुचवलं तरी तो निर्णय या सात आठवड्यांच्या थकव्यात घेऊ नकोस. दोन-तीन कमेंट्स मार्गी लागल्यावर, पोट भरलेलं असताना, तो प्रश्न पडला तर खुशाल विचार कर.

राहिल्या मॅडम. तू त्यांचं तोंड चुकवतेस कारण जाताना हातात पूर्ण प्रकरण हवं असं तू ठरवून टाकलं आहेस. त्यांनी तसं कुठे म्हटलंय? 'कुठवर आलंय?' एवढंच विचारलंय, आणि त्याचं उत्तर 'अडलंय' असंही असू शकतं. ज्या गाइड ४७ ठिकाणी थांबून वाचतात, त्यांनी तुझं प्रकरण मनापासून वाचलंय. कामातून उठलेल्या ड्राफ्टवर कोणी एवढा वेळ घालवत नाही, तिथे 'एकदा भेटा' एवढंच येतं. सात आठवडे का गेले याची लांबलचक कैफियत लिहू नकोस. मेल मी लिहून देते, नाव आणि क्रमांक तू बदल:

'मॅडम, उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. तिसऱ्या प्रकरणावर मी अडले होते. तुमच्या कमेंट्स आता वेगळ्या काढल्या आहेत. छोट्या दुरुस्त्या सुरू केल्या. कमेंट १, १४ आणि २९ यांवर मला तुमच्याशी बोलायला हवंय. कमेंट १ चं उत्तर म्हणून दोन पानं सोबत जोडते, कच्ची आहेत. पूर्ण प्रकरणाआधी ही वाचून दिशा बरोबर आहे का एवढं सांगाल का? या आठवड्यात अर्धा तास भेटता येईल का?'

दोन पानं अजून नाहीत, हे मला माहीत आहे. आज संध्याकाळी कांदा चिरायला घे, फोन रेकॉर्डिंगला लाव, आणि तो लाल होईपर्यंत बोलत राहा. उद्या सकाळी ते उतरवून काढ. मेल परवा गेला तरी चालेल.

तुझी,
ताई